सातव्या होलवर मी जे पाहिलं

बॅलमुरी
१६ जून

प्रिय कर्स्टी,

तुझं पत्र येऊन सात आठवडे झाले. मी सदतीस वर्षं लोकांच्या दारात पत्रं टाकली आणि उत्तर न पाठवणाऱ्या माणसांना मनातल्या मनात नावं ठेवली. आता मीच त्यातला निघालो. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. दुसरीचं उत्तर पहिलीशिवाय देता येत नाही, म्हणून पहिलीपासूनच सुरुवात करतो. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने, मर्डोने विचारलं म्हणतेस, की तुमच्या गावची म्हातारी माणसं वाऱ्यापावसात एवढासा चेंडू ढकलत चार-चार मैल का तंगडतोड करतात, त्या गोल्फमध्ये आहे तरी काय? आणि तुला सांगता आलं नाही, कारण बाबांना तू कधी विचारलंच नव्हतंस. "डूगल काका, तुम्हीच सांगा, तुमच्याइतकं बाबांचं गोल्फ कुणी पाहिलेलं नाही," असं तू लिहिलंस. ते खरं आहे. शेवटी शेवटी तर तुझ्या बाबाचं, फर्गसचं, गोल्फ फक्त मीच पाहिलं. त्याने स्वतःसुद्धा पाहिलं नाही.

मर्डोला सांग, पहिलं कारण हातात असतं. चेंडू काठीच्या अगदी मधोमध लागला ना, की हाताला काहीच लागत नाही. चुकलेला फटका हाताला झिणझिण्या आणतो, थंडीत तर कोपरापर्यंत ठणका जातो. बरोबर बसलेला फटका म्हणजे जणू आपण काही केलंच नाही, काठी हवेतून फिरली आणि चेंडू आपल्या मर्जीने उडाला. माझ्यासारख्या सुमार खेळाडूला असा फटका फेरीतून एकदा मिळतो, कधी तोही नाही. पण त्या एकासाठी माणूस बाकीचे नव्वद विसरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी खांद्याला लावतो. तुझ्या बाबाला असे तीस-तीस मिळायचे. पहाटेपासून कणीक मळणारे ते जाडजूड हात, आणि काठी धरली की त्या हातांत कसलाच जोर दिसायचा नाही. त्याचा दिवस आणि माझा दिवस दोन्ही दुपारी बाराला संपायचे, बेकरीवाला आणि टपालवाला. साडेबाराला आम्ही पहिल्या ओट्यावर, जिथून पहिला फटका मारायचा तिथे, उभे असायचो. वादळ असलं तरच नाही. वादळातही एकदा गेलो होतो, आणि तुझ्या आईने दोघांना दारातच ओले कपडे काढायला लावले होते.

दुसरं कारण असं की इथे पंच नसतो. तुझे फटके तूच मोजायचे. झुडपाआड चेंडू पायाने चार बोटं सरकवला तर बघणारं कुणी नसतं. तरी माणसं सरकवत नाहीत. आणि जो सरकवतो त्याला या गावात थारा नाही. त्या दंतवैद्याचं काय झालं तुला माहीत आहे. दात दुखला तरी लोक पुढच्या गावी जायला लागले, आणि वर्षभरात त्याने दवाखान्याला कुलूप लावलं. चार बोटं सरकवली होती त्याने, जास्त नाही. त्याला पाहणारा मीच होतो, आणि क्लबात येऊन सांगणाराही मीच. हे लक्षात ठेव.

तिसरं कारण कुणी सांगत नाही, पण मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, मी सांगतो. गोल्फमध्ये मित्राची फजिती अगदी जवळून, चार हातांवरून बघायला मिळते. त्याचा चेंडू वाळूत पडतो. तो एकदा मारतो, दोनदा मारतो, वाळू त्याच्याच तोंडावर उडते, कान लाल होतात. आपण मात्र टोपी सावरायची, चेहरा लांब करायचा आणि म्हणायचं, "दुर्दैव रे!" तोंडाने सहानुभूती आणि पोटात गरम रस्सा गेल्यासारखं सुख. दुसऱ्या कुठल्याही खेळात इतकं सभ्यपणे दुष्ट होता येत नाही. एक्केचाळीस वर्षं मी आणि फर्गस खेळलो, आणि त्यातली बहुतेक सगळी वर्षं "दुर्दैव रे" तो म्हणत होता आणि मी ऐकत होतो.

तो वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. मी एकटा, स्वयंपाकाचा कंटाळा, म्हणून रोज सकाळी माझ्या दाराच्या कडीला कागदात गुंडाळलेला ताजा पाव लटकवणारा माणूस वाईट कसा असेल? रविवारचं जेवण तुमच्याकडेच व्हायचं. तुझी आई गेली तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस, आणि फर्गस तीन दिवस कुणाशी बोलला नाही. चौथ्या दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाला, "चल, खेळू." तेव्हा सहाव्या होलपाशी तो रडला. मी त्याच्या पिशवीकडे बघत उभा राहिलो, कारण बाजूबाजूने चालणाऱ्या माणसांना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. हेही एक कारण आहे, तेही मर्डोला सांग. पण फर्गसला लोक समोर असले की राहवायचं नाही. माझा फटका भरकटला की अख्ख्या क्लबाला ऐकू जाईल असं ओरडायचा, "पोस्ट्या, आज पुन्हा चुकीच्या पत्त्यावर टाकलंस!" सगळे हसायचे. मीही हसायचो. एकच विनोद, एक्केचाळीस वर्षं. एखादा दात हळूहळू किडावा तसं काहीतरी माझ्या आत होत होतं, आणि ते मला कळतही नव्हतं.

माझ्याकडे फक्त एकच गोष्ट होती जी त्याच्याकडे नव्हती. क्लबाच्या दारापाशी ओकच्या लाकडाची पाटी आहे. ज्याने ओट्यावरून एकाच फटक्यात चेंडू झेंड्याखालच्या वाटीत घातला, त्याचं नाव त्या पाटीवर सोनेरी अक्षरात लिहितात. फर्गस अकरा वेळा क्लबाचा विजेता झाला, पण त्या पाटीवर त्याचं नाव नव्हतं. माझं होतं. १९८३, सातवं होल. आता खरं सांगायचं तर माझा फटका भलतीकडेच चालला होता. वाटीभोवतीच्या हिरवळीच्या कडेला गवत कापायचं यंत्र उभं होतं, त्याच्या पत्र्यावर चेंडू ठण्णकन आपटला, वळला आणि घरंगळत वाटीत गेला. नियमाला काही अडचण नव्हती. नाव लागलं. फर्गस जन्मभर म्हणत राहिला, "ते नाव डूगलचं नाही, यंत्राचं आहे. यंत्राला लिहिता येत नव्हतं म्हणून याने सही केली." पण पाटीपाशी थांबून, मी बघत नाही असं समजून, त्या सोनेरी ओळीकडे बघताना मी त्याला किती वेळा पाहिलं आहे! डॉक्टरांची बायको त्या पाटीवर होती, धर्मोपदेशक होते, चेंडू धड उचलता न येणारा शाळेचा शिपाई होता. फर्गस लॉरिमर नव्हता.

मग त्याचे डोळे गेले. पूर्ण नाही. नजरेच्या मधोमध काळा डाग पडला आणि पसरत गेला. डंडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. बेकरी विकली तेव्हा तू इन्व्हर्नेसहून आली होतीस. त्या संध्याकाळी तू भांडी घासत होतीस आणि तो मला म्हणाला, "डूगल, तुझे बूट दिसतात, तोंड दिसत नाही. देवाने जे झाकायचं तेच झाकलंय." तू आतून हसलीस. मग त्याने आवाज खाली केला आणि विचारलं, "खेळताना माझे डोळे होशील?" एवढ्या वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच चेष्टा नव्हती. मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

न दिसणाऱ्या माणसाला गोल्फ खेळता येतं, मर्डोला हे खरं वाटणार नाही. सोबत्याने काठीचं डोकं नेमकं चेंडूमागे टेकवून द्यायचं, खांदे धरून दिशा लावायची, अंतर सांगायचं, वारा सांगायचा आणि बाजूला व्हायचं. फटका त्याचा. पण तो कुठे गेला ते सोबत्याने सांगायचं, आणि तो सांगेल तेच खरं. पहिलं वर्ष मी अक्षर न अक्षर खरं सांगितलं. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे म्हणून लिहून ठेवतो. आणि त्या पूर्ण वर्षात, कर्स्टी, तो मला हरवत होता. चेंडू न दिसणारा माणूस, दोन चांगल्या डोळ्यांच्या माणसाला, त्याच माणसाच्या डोळ्यांनी हरवत होता. क्लबातली मंडळी माझ्या पाठीवर थाप मारायची: "डूगल, मित्र असावा तर असा." तू दर रविवारी फोनवर म्हणायचीस, "तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे."

तो मे महिन्यातला दुसरा बुधवार होता, आमच्या ज्येष्ठांच्या स्पर्धेचा दिवस. काटेरी झुडपं पिवळीधमक फुलली होती, आणि ती फुलली की सगळ्या किनाऱ्यावर ओल्या नारळासारखा वास सुटतो. समुद्रावरून वारा होता. सहाव्या होलनंतर आमच्या पुढची जोडी बाकावर टेकली होती. फर्गस माझ्यापेक्षा तीन फटके पुढे होता. कुणीतरी विचारलं, "कसं चाललंय तुमचं दोघांचं?" फर्गस म्हणाला, "झकास. मला डोळे नाहीत आणि डूगलला हात नाहीत. दोघं मिळून एक माणूस होतो कसाबसा." ते हसून हसून लाल झाले. मीही हसलो. ते उठून पुढे गेले, त्यांचं सातवं खेळून टेकाडापलीकडे उतरले, आणि आम्ही ओट्यावर चढलो.

सातवं होल तू पाहिलंयस, मधे घळ आणि पलीकडे उंचावर हिरवळ, खाली समुद्र. एकशे बत्तीस यार्ड. मी त्याची काठी टेकवली, खांदे वळवले. "झेंडा सरळ समोर. वारा डावीकडून," म्हणालो. तो म्हणाला, "यंत्र उभं आहे का बघ रे, आज मीही पाटीवर नाव लावतो." आणि त्याने फटका मारला.

तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. सुकलेली फांदी एकदाच मोडावी तसा. चेंडू वर गेला, वाऱ्याने त्याला जरासा उजवीकडे आणला, झेंड्याच्या दोन यार्ड अलीकडे तो पडला, एकदा उडाला, सरपटला आणि दिसेनासा झाला. वाटीत. यंत्र नाही, दगड नाही, नशीब नाही. फर्गस काठी खांद्यावर तशीच धरून उभा होता, तोंड झेंड्याकडे, नजर कुठेच नाही. "डूगल," तो म्हणाला, "हाताला काही लागलंच नाही. काहीच नाही. सांग की! कुठे आहे?"

मी तोंड उघडलं तेव्हा काय म्हणणार आहे ते मला खरोखर माहीत नव्हतं. शपथ घेऊन सांगितलं असतं, पण माझ्या शपथेला आता किंमत नाही. मी म्हणालो, "लांब गेला. हिरवळीच्या पार, झुडपात." आणि मग सवयीने जीभ पुढे गेली: "दुर्दैव रे!"

त्याने तोंड माझ्याकडे वळवलं. "लांब?" म्हणाला. "शक्य नाही." वारा तेवढा वाजत होता. मग त्याने खांद्यावरची काठी खाली घेतली आणि म्हणाला, "बरं. तुला दिसतंय ते खरं." इतकंच. वाद नाही, पुन्हा विचारणं नाही. त्याने भांडण काढलं असतं तर कदाचित मी हसून म्हणालो असतो, की गंमत केली, आत गेलाय. त्याने विश्वास ठेवला आणि माझा परतीचा रस्ता बंद झाला.

"तू इथेच थांब, मी शोधतो," असं सांगून मी पुढे गेलो. चेंडू वाटीत झेंड्याच्या काठीला टेकून बसला होता, त्यावर फर्गसच्या खुणेचे दोन निळे ठिपके. मी तो खिशात टाकला. मग हिरवळीमागे जाऊन नियमाप्रमाणे पूर्ण तीन मिनिटं झुडपं बडवली. एक माणूस घळीपलीकडून ऐकतोय म्हणून फांद्या मोडायचा आवाज केला. मनगटं ओरबाडून निघाली. तो पलीकडून ओरडला, "जाऊ दे रे, डूगल! हात फाडून घेशील. चेंडूच आहे एक!" मी परत गेलो, त्याला दुसरा चेंडू लावून दिला. त्याच्या कार्डावर सातव्या होलपुढे मी माझ्या हाताने पाचचा आकडा लिहिला. क्लबात आल्यावर मी वाचून दाखवलं आणि त्याने सही केली, मी बोट टेकवलं होतं त्या जागी. त्या दिवशी मी दोन फटक्यांनी जिंकलो. त्याने माझा हात हातात घेतला. "शेवटी हरवलंस, पोस्ट्या," म्हणाला आणि मला बिअर पाजली. सोबत मी धुरावलेला हॅडॉक मागवला. इतकी चव त्या माशाला कधीच नव्हती. तू आता हे वाचून डोळे मिटले असतील, पण मला ते लिहिलंच पाहिजे: मला लाज वाटली नाही. मला मजा वाटली. घरी जाताना धक्क्यावर थांबून मी तो चेंडू समुद्रात फेकला, आणि तोही फटका बरा गेला असं माझ्या मनात आलं.

एकदाच केलं असतं तर कदाचित मी तुला हे लिहिलं नसतं. पण जूनमध्ये मी पुन्हा केलं. छान बसलेल्या फटक्याला म्हणालो, उजवीकडे वळला, वाळूत आहे. आणि मला एक शोध लागला. चांगल्याला वाईट म्हणण्यापेक्षा वाईटाला चांगलं म्हणणं जास्त खोल कापतं. त्याच्या हाताला झिणझिण्या यायच्या आणि मी ओरडायचो, "वा फर्गस, हिरवळीवर!" तो बावचळायचा. हात एक सांगायचे आणि मी दुसरं. आणि विश्वास त्याने माझ्यावर ठेवला, हातांवर नाही. ऑगस्टमध्ये तो चेंडूपाशी उभा राहून हात उलटेसुलटे करून डोळ्यांच्या कडेने बघायला लागला, जणू कुणीतरी बदलून दिलेत. साठ वर्षांत कधी न झालेलं झालं, काठी चेंडूला न लागता नुसती हवेतून फिरली. मी म्हणालो, "दुर्दैव रे." ऑक्टोबरमध्ये त्याने पिशवी चर्चच्या विक्रीला देऊन टाकली. मी म्हटलं, असं का करतोस, अजून बरा खेळतोस की. त्याने उत्तर दिलं, "डोळे गेले तर चालतं रे. पण हात खोटं बोलायला लागले तर माणसाने कुठे जायचं?"

मला वाटलं, आता संपलं. खेळच सुटला, आता आणखी काय होणार? पण तुला आठवतं, बेकरी विकल्यावरही तो शनिवारी घरी एक पाव करायचा, निव्वळ हाताच्या अंदाजाने? त्या हिवाळ्यात तोही बंद झाला. तू फोनवर विचारलंस तेव्हा त्याने तुला सांगितलं, हल्ली पीठ चांगलं येत नाही. मला म्हणाला, "कणीक मळून झाली की नाही, ते पूर्वी हाताला कळायचं. आता भरवसा नाही." दाढी करणं सोडलं. जिना चढताना कठडा धरूनही पायरी पायाने चाचपायचा. खुर्ची खिडकीपासून वळवून भिंतीकडे करून घेतली. मी रोज बाराला जाऊन त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, आणि ते मात्र अगदी खरं वाचायचो, एक शब्दही न गाळता. दोन वर्षं आणि काही महिने, रोज. त्यातल्या कुठल्याही दुपारी एक वाक्य बोलायचं होतं. पत्र दाराशी नेऊन खिशातच ठेवणाऱ्या टपालवाल्याला नोकरीवरून काढतात. मला गाव मान देत होतं.

आता इस्पितळाचं. तू तिथे होतीस, पण तू जे पाहिलंस आणि जे झालं ते एक नव्हतं. फेब्रुवारीतला तो मंगळवार, तू त्याच्या उशाशी बसून संत्रं सोलत होतीस. त्याने विचारलं, "डूगल, तो मेमधला सातव्या होलचा चेंडू. खरंच झुडपात गेला होता?" तू हसून म्हणालीस, "बाबा, अजून तोच चेंडू शोधताय का?" तो हसला नाही. त्याने डोकं वळवून डोळ्यांच्या कडेने मला बघायचा प्रयत्न केला. मी तुझ्या हातातल्या सालीकडे बघितलं आणि म्हणालो, "झुडपातच, फर्गस. मी स्वतः शोधला होता." त्याने डोकं पुन्हा उशीवर सरळ केलं. मग "बरं" म्हणाला आणि पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत तो गेला होता. बाहेरच्या बाकावर तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "शेवटपर्यंत तुम्ही त्यांचे डोळे होतात."

मरणाऱ्या माणसाला मी तेव्हा तरी खरं का सांगितलं नाही, हे तू विचारशील. कारण तू खोलीत होतीस. त्याने ऐकलं असतं ते मला चाललं असतं, तो फार दिवसांचा नव्हता. तू ऐकलं असतंस. मला रविवारचं जेवण घालणारं, मला काका म्हणणारं जगात तुझ्याशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्याच्या शेवटच्या प्रश्नापेक्षा मला माझं ताट मोठं वाटलं.

मार्चमध्ये मी क्लबाच्या सचिव पेट्रीबाईंना सगळं लिहून दिलं. तारीख, होल, वारा, सगळं, खाली सही. फर्गसचं नाव पाटीवर लावा आणि माझं सभासदत्व काढून घ्या, असं लिहिलं. त्या स्वतः घरी आल्या. माझ्या खुर्चीशेजारी बसून त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाल्या, "डूगल, कार्डावर पाच आहे आणि दोघांच्या सह्या आहेत. सही झालेलं कार्ड बदलत नाही, नियम तुम्हाला माहीत आहे. आणि खरं सांगू? मित्रासाठी स्वतःच्या नावाला काळं फासून घ्यायला निघालात, याचं मला रडू आलं. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही." मी म्हटलं, बाई, हे खरं आहे. त्या म्हणाल्या, "हो, हो." आणि जाताना मला रव्याचा केक ठेवून गेल्या. पण त्यांनी सांगितलंच असणार, कारण हल्ली क्लबात मी गेलो की लोक उठून जागा देतात. जन्मभरात मी एकदा खरं सांगितलं, आणि गावाने ते प्रेमापोटी बोललेलं खोटं ठरवलं.

आता तुझी दुसरी गोष्ट. चौदा सप्टेंबरला आपल्या चर्चमध्ये, तुझ्या लग्नात, बाबांच्या जागी मी तुझा हात धरून तुला मर्डोपर्यंत न्यावं, असं तू लिहिलंस. "बाबांनी ज्याच्या भरवशावर पाऊल टाकलं, त्याच्या सोबतच मला चालायचंय," हे तुझे शब्द. गुडघ्याचं निमित्त सांगून मला नाही म्हणता आलं असतं. तू दुसरा कुणी शोधला असतास, मी मागच्या बाकावर बसलो असतो, आणि तुझा बाप तुझ्यासाठी सुखासमाधानाने गेलेला राहिला असता. तेच दयेचं झालं असतं, हे मला कळतं. हे सगळं तुझ्या पदरात टाकणं हाही माझा दुष्टपणाच आहे, लग्नाच्या तोंडावर तर जास्तच. पण तू मला तो मान द्यायला निघालीस, आणि तो घेताना माझ्या पोटात पुन्हा तेच गरम सुख उठलं, आणि मी घाबरलो. म्हणून लिहिलं. मी माफी मागत नाही. तू तुझ्या आईसारखी आहेस, मागितली तर देऊन टाकशील. कुणाचा हात धरायचा ते आता तू डोळे उघडे ठेवून ठरव. उत्तर आलं नाही तर मी समजेन. फक्त पेट्रीबाईंसारखं करू नकोस, म्हाताऱ्याने दुःखात काहीतरी रचलं असं म्हणून हे पत्र घडी घालून ठेवू नकोस. त्याचे हात खरं सांगत होते, कर्स्टी. चेंडू आत गेला होता.

तुझाच, जोवर तू म्हणू देशील तोवर,
डूगल रॅट्रे